स्पिटफायर मार्क ४ : सस्पेन्शन अपग्रेड केलेल्या गाडीची देखभाल कशी करायची?

हिरवी_स्पिटफायर :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७२ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४ आहे, नुकतीच घेतली. आधीच्या मालकाने सस्पेन्शनवर बरंच काम करून घेतलंय. सगळीकडे रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यांत बसणाऱ्या गाद्या) आहेत. पुढे आखूड आणि कडक स्प्रिंगा, त्यावर उंची कमीजास्त करता येणारे अ‍ॅडजस्टेबल शॉकअप आणि मूळच्यापेक्षा जाड अँटी-रोल बार. मागे डिफरन्शियल आणि पाट्याच्या (आडव्या लीफ स्प्रिंगच्या) मध्ये लोअरिंग ब्लॉक घालून गाडी खाली बसवली आहे.

वळणावर गाडी इतकी छान धरून चालते की घरी परत यावंसं वाटत नाही. पण हे सगळं बसवून काही वर्षं झाली आहेत आणि पुढे त्याची निगा कशी राखायची हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. कागदपत्रांत फक्त सुट्या भागांची बिलं आणि एक नोंद आहे : 'पुढचं सस्पेन्शन ग्रीस केलं'. फॅक्टरीचं वर्कशॉप मॅन्युअल माझ्याकडे आहे, पण ते मूळ गाडीचं. ही गाडी आता तशी राहिलेली नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पुढून उजवीकडून खड्ड्यात करकर आवाज येतो. काळजीचं कारण आहे का?

पार्किंग करताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की शेवटच्या टप्प्यात जड होतं. जाड बारमुळे असेल का?

आणि मुख्य म्हणजे, घरी जॅक आणि स्टँड वापरून मी काय काय सुरक्षितपणे करू शकतो आणि कशाला हात लावू नये? पान्यांची सवय आहे, इंजिनाची कामं स्वतः करतो. सस्पेन्शन मात्र आजवर उघडलेलं नाही.

मधला_गिअर :

अभिनंदन, फार देखणी गाडी आहे. पॉलीबुश रबरासारखे कुजत नाहीत, ऑइलने फुगत नाहीत. चांगल्या कंपनीचे शॉकअपही वर्षानुवर्षं टिकतात. सगळं नवीन असेल तर पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही. एकदा अलाइनमेंट करून घ्या आणि चालवा. आवाज बुशचाच असेल, सिलिकॉन ग्रीस लावलं की जाईल.

आटेपाना :

बुशच्या आवाजाबद्दल मधला_गिअर यांचं म्हणणं बरोबर असू शकेल. पण 'पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही' हे वाचून लिहायला बसलो, कारण या गाडीत नेमकं उलटं आहे. कडक स्प्रिंग, कडक बुश, जाड बार हे भाग सहसा तुटत नाहीत. आधी जो धक्का रबर गिळून टाकायचं तो ते पुढे ढकलतात. तो जाऊन बसतो पन्नास वर्षांच्या जुन्या लोखंडावर, म्हणजे जे बदललेलं नाही त्यावर. तुम्ही बिलं बघताय. मी म्हणेन, बिलात जे नाही त्याची यादी आधी करा.

त्या यादीत सगळ्यात वर पुढच्या चाकांचे ट्रनियन. स्पिटफायरला खालच्या बाजूला बॉल जॉइंट नाही. उभ्या लिंकच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या भागाच्या, खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते टोक एका पितळी ट्रनियनमध्ये फिरवून बसवलेलं असतं. स्टिअरिंग वळवलं की लिंक त्या आट्यांवर गोल फिरते. गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार याच जोडातून चाकापर्यंत जातो. ट्रायम्फच्याच १९५९ च्या हेराल्डमध्येही हीच रचना होती. लोटस एलानच्या पुढच्या चाकांनाही ट्रायम्फच्याच घराण्यातला हा जोड होता. म्हणजे रचना वाईट नाही, फक्त तिला ऑइल लागतं.

ऑइल म्हणालो, ग्रीस नाही. मॅन्युअल उघडून वंगणाचं पान बघा. तिथे हायपॉइड ९० गिअर ऑइल लिहिलेलं आहे. तुमच्या कागदातली 'ग्रीस केलं' ही नोंद वाचून माझ्या पोटात गोळा आला. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाही, वरवर बसून राहतं. मागाहून आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि स्टीलच्या आट्यांना गंजाचे खड्डे पडतात. असा खड्डा आट्याच्या मुळाशी पडला की तिथून तडा सुरू होतो. एके दिवशी लिंक तुटते आणि चाक गाडीखाली दुमडतं. बरेचदा हे पार्किंग करताना घडतं, कारण उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवताना आट्यांवर सगळ्यात जास्त पीळ पडतो. पण ते पार्किंगमध्येच घडेल, हमरस्त्यावर घडणार नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न परत वाचा. अँटी-रोल बारचा आणि स्टिअरिंग जड होण्याचा काही संबंध नाही. बार गाडीचं कलणं अडवतो, चाकाचं वळणं नाही. पूर्ण वळवताना जडपणा येतो, कागदात ग्रीसची नोंद आहे, ट्रनियनचं बिल नाही. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्यावर माझा सल्ला एकच आहे : दोन्ही ट्रनियन उघडून पाहीपर्यंत ही गाडी चालवू नका. कदाचित आत सगळं ठीक निघेल आणि जडपणा स्टिअरिंग रॅकचा किंवा टायरमधल्या कमी हवेचा असेल. पण ते आधी बघायचं आणि मग चालवायचं.

उघडल्यावर काय बघायचं ते सांगतो. ट्रनियन फिरवून काढा. लिंकचे आटे रॉकेल आणि ब्रशने अगदी कोरडे स्वच्छ करा. बोट फिरवा, नख अडकतं का बघा. खड्डे दिसले की लिंक बाद, घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका. डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी डाय पेनिट्रंटची तपासणी करा. भाग पुसून त्यावर लाल डाय मारायचा, डब्यावर दिली असेल तेवढी वेळ थांबायचं, पुसून काढायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. ट्रायम्फचा जोड पूर्ण उघडल्याशिवाय ही जागा दिसतच नाही. चाक धरून हलवलं, खुळखुळ नाही, म्हणून पास, असं इथे चालत नाही.

परत बसवताना दोन गोष्टी सांभाळा. डावा आणि उजवा ट्रनियन वेगळे असतात, अदलाबदल करू नका. आणि फिरवून पूर्ण आत गेल्यावर थोडा मागे घ्यावा लागतो, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी लिंक तळाला टेकत नाही. आवळून ठेवलात तर वळताना तिथेच भार येईल. मग खालचा प्लग काढून तिथे निपल बसवायचं आणि ग्रीस गनमध्ये ऑइल भरून, वरच्या सीलपाशी ते झिरपेपर्यंत दाबायचं. गनमधून ऑइल गळतं, हात आणि फरशी माखते, तरी हेच करायचं. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा तरी, आणि ओल्या रस्त्यांवर फिरून आलात की आणखी एकदा. मागच्या हबला मात्र ग्रीसच लागतं, तिथे ऑइल घालू नका. दोन्हीकडे ग्रीस गनच वापरतात, बहुधा त्यामुळेच गोंधळ होतो.

जुन्या लोखंडाच्या यादीत दुसरं म्हणजे खालच्या विशबोनचे (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या आडव्या हाताचे) चॅसिसवरचे ब्रॅकेट. त्यांच्यामागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, त्यांच्यावरच ठरतो. ब्रॅकेट काढलात तर कुठल्या बोल्टमागे किती शिम होते ते लिहून ठेवा, फोटो काढा. पॉलीबुश आल्यापासून धक्का थेट या ब्रॅकेटना बसतो. वायरब्रशने रंग जरा खरवडून वेल्डच्या कडेने तडा शोधा. तिसरं, मागच्या रेडियस आर्मची (चाक पुढेमागे सरकू न देणाऱ्या दांड्याची) पुढची बैठक. ती सीटमागे फ्लोअरच्या पत्र्यावर असते आणि तो पत्रा या गाड्यांत गंजतोच. वरून कार्पेट छान असलं तरी ते उचला आणि खालून टॉर्च मारून बघा. तिथला पत्रा पोकळ झाला असेल तर मागचं चाक पुढेमागे सरकायला लागतं आणि ब्रेक लावताना गाडी एकीकडे वळते. हे वेल्डिंगचं काम आहे, कुठलाही नवा बुश त्यावर उपाय नाही.

आवाजाचं : पॉलीबुशला कोरडेपणाची करकर असतेच. पण आधी मान्य करू नका की तीच आहे. एक माणूस बंपर दाबत राहील आणि दुसरा एकेका जोडावर हात ठेवेल. ज्या जोडातून थरथर हाताला लागते तो खरा. बुशचाच आवाज असेल तर काढून मूळ कंपनीच्या सिलिकॉन ग्रीसने परत बसवा. लोखंडी स्लीव्हवर गंज आला असेल तर स्लीव्ह बदला, नाहीतर ग्रीस लावूनही काही दिवसांत आवाज परत येतो.

रेषेत_चाक :

ट्रनियनबद्दल काकांनी लिहिलेलं शब्दशः पाळा. मी मागच्या बाजूची भर घालते, कारण लोअरिंग ब्लॉक हा शब्द वाचून मला तिकडेच काळजी वाटली.

स्पिटफायरच्या मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे. चाकाचा शाफ्ट फक्त आतल्या टोकाच्या सांध्यात वाकतो, त्यामुळे चाक वरखाली होताना तिरकं होतं. वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग वर उचलतो, बाहेरचं चाक आत दुमडल्यासारखं होतं आणि पकड एकदम सुटते. मार्क १ ते ३ मध्ये हे जास्त होतं. १९७० च्या मार्क ४ पासून कंपनीने 'स्विंग स्प्रिंग' दिली. तिचे सगळे पाटे डिफरन्शियलला घट्ट बांधलेले नसतात. एक पाटा बांधलेला आणि बाकीचे मधल्या पेटीत डोलायला मोकळे. त्यामुळे मागचा भाग कलण्याला कमी विरोध करतो आणि वळणात वर उचलण्याची त्याची सवय कमी होते. याच बदलासोबत पुढचा बार जाड केला होता. म्हणजे तुमच्याकडे पुढचा बार जाड असणं हे त्याच दिशेने आहे, घाबरायचं कारण नाही.

पण मागे कुणी जुन्या मार्क ३ ची घट्ट बांधायची स्प्रिंग बसवली आहे का, हे एकदा खात्रीने बघा. उंची तीच दिसते, वागणं वेगळं असतं. ब्लॉकमुळे मागच्या चाकांना थोडा नकारात्मक कॅम्बर मिळतो, ते चांगलंच. ब्लॉकची खरी तपासणी स्टडपाशी, म्हणजे पाटे डिफरन्शियलला धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांपाशी आहे. मधे ठोकळा आला म्हणजे स्टड तेवढेच लांब असायला हवेत. नटाच्या बाहेर आट्यांची निदान एक-दोन वळणं दिसायला हवीत. नट वरवर धरलेला दिसला तर तो काम करत नाही, स्टड लांब घाला. डिफरन्शियलच्या घरात हे स्टड सैल होऊ शकतात, म्हणून वर्षातून एकदा टॉर्क पान्याने तपासा. आणि गाडी खाली बसवल्यानंतर चाक वर जाताना बंप स्टॉपपर्यंत (चाकाला शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) किती जागा उरली आहे, हेही बघून घ्या. जागाच उरली नसेल तर प्रत्येक खड्ड्याला गाडीचा सगळा भार स्टॉपवर आदळतो आणि 'कडक स्प्रिंग' म्हणून आपण त्याचं कौतुक करत बसतो.

आता घरी करण्याच्या कामातली धोक्याची जागा. मागचा शॉकअप हा फक्त शॉकअप नाही, चाक खाली किती लोंबणार हे तोच ठरवतो. गाडी स्टँडवर असताना मागच्या शॉकअपचा बोल्ट काढला की पाट्याच्या जोराने चाक झटक्यात खाली जातं आणि ब्रेकचा होज ताणला जातो. बोट मधे असेल तर तेही. म्हणून बोल्टला हात लावण्याआधी उभ्या लिंकखाली दुसरा जॅक लावून तिचा भार घ्या. याच कारणाने अ‍ॅडजस्टेबल शॉकअपची लांबी फार महत्त्वाची. मूळच्यापेक्षा लांब असेल तर चाक जास्त लोंबतं आणि दुमडायची भीती वाढते. आणि दाबल्यावरही पुरेसा आखूड होत नसेल तर वर जाताना तळाला लागून शॉकअपच फुटतो. कुणीतरी आकडा बघून 'जवळपास तोच' म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवलेला असतो, हे फार वेळा दिसतं.

हिरवी_स्पिटफायर :

काका, ताई, मनापासून आभार. गाडी उभी केली आहे, ट्रनियन उघडेपर्यंत हलवणार नाही. मॅन्युअलचं पान पाहिलं, ऑइलच लिहिलंय. मागची स्प्रिंग पेटीवाली दिसतेय, म्हणजे मार्क ४ चीच असावी.

एक राहिलं. पुढची स्प्रिंग उतरवायची वेळ आली तर? व्हिडिओत लोक स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून सहज काढताना दिसतात. आणि मला जो भाग नवीन घ्यायचा आहे, त्याचे नट-बोल्ट जवळच्या दुकानातले चालतील का? आठ एमएमचे बसतायत असं वाटतं.

आटेपाना :

पुढचं आख्खं युनिट चॅसिसवरून उतरवायला कॉम्प्रेसर लागतच नाही. वर तीन नट आहेत, ते काढायचे. मधला मोठा नट मात्र कधीही सोडायचा नाही. तो शॉकअपच्या दांड्याला धरून आहे आणि दाबलेली स्प्रिंग त्याच्याच आधारावर आहे. तो निघाला तर वरची बैठक माणसाच्या तोंडावर उडते. युनिट बाहेर काढून स्प्रिंग वेगळी करायची असेल तेव्हाच कॉम्प्रेसर. दोन्ही हूक समोरासमोर, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूला. एकेक वळण आलटूनपालटून, हातानेच. इम्पॅक्ट गन चालवायची नाही. कॉम्प्रेसरचे आटे झिजलेले असतील तर तो फेकून द्या. आणि काम सुरू असताना स्प्रिंगच्या रेषेत चेहरा असू नये. याची तुम्हाला खात्री नसेल तर युनिट उतरवून तसंच एखाद्या जाणत्याकडे न्या, त्यात काहीच कमीपणा नाही.

तुमच्या आखूड स्प्रिंगेबाबत आणखी एक. चाक पूर्ण लोंबल्यावर स्प्रिंग सैल पडते का, हे स्टँडवर असताना हाताने हलवून बघा. सैल पडत असेल तर चाक उसळून खाली आल्यावर ती बैठकीत वाकडी बसू शकते. तसं असेल तर शॉकअपची लांबी आणि स्प्रिंग एकमेकांना जुळत नाहीत, एक बदलावं लागेल. उंची ठरवणारे कॉलर दोन्हीकडे सारख्या जागी आहेत का, त्यांचे लॉक घट्ट आहेत का, हेही बघा. आट्यांत माती बसून ते जाम होतात. ब्रश मारून स्वच्छ करून मेणाचा स्प्रे मारून ठेवा. शॉकअपचा कडकपणा ठरवणारे क्लिक (खटके) दोन्ही बाजूंना सारखे. सगळ्यात मऊ टोकापासून मोजत यायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

बोल्टबद्दल ऐका, हे मी ठामपणे सांगतो. आठ एमएमचा बसतोय असं वाटतं, कारण मूळचा ५/१६ इंची आहे, म्हणजे ७.९४ एमएम. दांडा भोकात जवळपास जातोच. पण आटे वेगळे : यूएनएफ मध्ये, म्हणजे इंची बारीक आट्यांत, इंचाला २४, तर आठ एमएमच्या साध्या बोल्टचा पिच १.२५ एमएम. नट दोन-तीन वळणं जातो, मग अडतो. माणूस बसतोय असं वाटून आवळत जातो आणि आट्यांची वाट लागते. बाहेरून घट्ट दिसणारा तोच बोल्ट रस्त्यावर सुटतो. सस्पेन्शनला मूळ मापाचे, डोक्यावर ग्रेडचे शिक्के असलेलेच बोल्ट. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट एकदा सोडला की नवीन. स्प्लिट पिनही नवीन, जुनी सरळ करून परत घालू नका.

आवळण्याबद्दलही एक गोष्ट. जिथे रबरी बुश अजून असतील, मागच्या बाजूला एखादा राहिलाच असेल, तिथला बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवर आणि आतल्या भारासकट आवळायचा. लोंबत्या चाकावर आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं, फाटतं आणि उंचीही बिघडवतं. पॉलीबुशला हा त्रास नाही कारण ते स्लीव्हवर फिरतात. सगळं झालं की प्रत्येक नट आणि बोल्टच्या डोक्यावरून पुढच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. त्यानंतर दर महिन्याला खाली वाकून नुसतं रेघ तुटली आहे का एवढंच बघायचं. जी तुटली ती जागा उघडायची.

रेषेत_चाक :

बोल्ट आवळून झाले की अलाइनमेंट शेवटी, आधी नाही. आणि नेण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक वर-खाली लोंबवून, ब्रेकचा होज कुठे घासतोय किंवा ताणतोय का ते बघा. अँटी-रोल बारची लिंक सोडवायची असेल तर दोन्ही चाकं एका पातळीत ठेवा, एक चाक लोंबत असताना सोडलीत तर बार उसळतो.

टायरबद्दलही सांगून ठेवते : पुढे रुंद, चिकट टायर घालायचा विचार असेल तर जरा थांबा. स्पिटफायरचे, चाक ज्यावर फिरतं ते, स्टब अ‍ॅक्सल बारीक आहेत. रुंद टायरची पकड वाढली की भार त्यांच्यावर जातो. ट्रायम्फच्याच जीटी६ चे उभे लिंक आणि स्टब अ‍ॅक्सल त्याच कारणाने जाड होते आणि बरेच लोक ते बसवतात.

हिरवी_स्पिटफायर :

टायर आहे तेच, १५५ चे. रुंद करायचे नव्हतेच. ट्रनियन दोन्ही उघडतोय, रॉकेल आणि डाय आणलाय. आटे कसे निघतात त्याचे फोटो इथेच टाकतो, काका, बघून सांगा.

आटेपाना :

टाका. लिंक स्वच्छ करूनच फोटो काढा, वंगणाखाली काही कळत नाही. आणि सीलच्या कडेपासून खालच्या टोकापर्यंत चारही बाजूंनी काढा. तडा सापडला तर त्याच दिवशी नवीन लिंक मागवा, दुसरी बाजू ठीक असली तरी दोन्ही.